पोटात गिअर असलेलं चाक

प्रिय भिंगऱ्या,

आधी काय काय आलं ते सांगून टाकते, म्हणजे हिशेब एका बाजूला होईल आणि बाकीचं बोलायला मी मोकळी होईन. मंगळवारी पार्सलने मोठं खोकं आलं. त्यात पोटात आठ गिअर असलेलं मागचं चाक, एक, एकोणीस हजार चारशे. मुठीत धरून फिरवायचा गिअरचा दांडा आणि त्याची तार, नऊशे. दाते असलेल्या दोन चकत्या, त्या चाकाबरोबर तशाच मिळाल्या. घरापर्यंत आणून देण्याचे ऐंशी, मागत होता शंभर. खोक्याचा एक कोपरा चेपला होता म्हणून मी ते त्या माणसासमोरच उघडलं, चाक हातात धरून फिरवून पाहिलं आणि मगच सही केली. चाक धड आहे, आवाज नाही, डुगडुग नाही. हे तू मागितलेलंच चाक, बाबांच्या चाकाचं जुळं भावंड. पण ते मी तुझ्याकडे पाठवलेलं नाही. ते बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभं आहे आणि सध्या तरी तिथेच राहणार. आईचा हात पैशाला आखडला असं एवढ्यात मनात आणू नकोस. पैसे दिले गेले आहेत, ते काही परत येत नाहीत. कारण दुसरंच आहे, आणि ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही. समजून वाच.

सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू घर सोडून तिकडे नोकरीला गेलास त्यानंतरच्या बऱ्याच गोष्टी तुला अर्ध्यामुर्ध्याच माहीत आहेत. बाबांची पाइपलाइनची वाट तुला सांगायला नको. तू सायकल शिकलास तीच ती. टेकडीवरच्या टाकीपासून खाली पंपघरापर्यंत ते जाडजूड नळ, त्यांच्या कडेने दगडगोट्यांची पायवाट, आणि जागोजागी व्हॉल्व्हच्या कोठड्या. गाडी तिथे जात नाही, पायी जायचं तर दिवस पुरत नाही, म्हणून बाबा इतकी वर्षं सायकलनेच लाइन तपासत आले. कुठे सांधा ठिबकतोय, कुठे माती खचलीये, कुठला व्हॉल्व्ह अडकलाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात पाठ. खात्यातले नवे साहेब नकाशा उघडायच्या आत बाबा तोंडाने सांगून मोकळे होतात. आपल्या गावाच्या नळाला पाणी आलं की मला नेहमी वाटायचं, हे देवाचं देणं खरं, पण वाटेत आमच्या घरचा माणूस उभा आहे.

तर दोनएक वर्षांपूर्वी त्यांच्या सायकलचे गिअर तुटायला लागले. मागच्या चाकाच्या बाजूला तो जो सांगाडा लोंबकळतो ना, साखळीला या दात्यावरून त्या दात्यावर ढकलणारा, पानाकाका त्याला डिरेलर म्हणतात. मी आपली लोलक म्हणते, कारण लोंबकळण्याखेरीज त्याचं दुसरं कर्तृत्व मी पाहिलं नाही. पानाकाकांना विसरला नसशील, कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले, झोपेतसुद्धा हातात पाना असतो म्हणून तूच त्यांना ते नाव ठेवलं होतंस. एक लोलक दगडाला आपटून वाकला. तो सरळ करून घेतला. पुढच्या महिन्यात तो मोडलाच. नवा बसवला, तोही गेला. बाबा म्हणायचे, पावसाने वाट धुपली, दगड वर आले, आणि हल्लीच्या लोखंडात दम राहिला नाही. मी मोडका तुकडा पिशवीत घालून पानाकाकांच्या दारात जायचे आणि असला माल विकताना देवाची भीती वाटत नाही का म्हणून त्यांना झापायचे. ते ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले की वहिनी, लोखंड काही माझ्या सासऱ्याने ओतलेलं नाही, आणि तुम्ही आलात की माझी गिऱ्हाइकं पळतात, तेव्हा एकदाचा कायमचा उपाय ऐका.

तो उपाय म्हणजे हे चाक. त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं, आणि मी मॅट्रिक झालेली बाई, मला ते चांगलं समजलं. या चाकात सगळे गिअर मधल्या डब्यात, म्हणजे हबच्या पोटात असतात. बाहेर लोंबकळणारं काही नाही, त्यामुळे दगडाला लागून तुटेल असंही काही नाही. डबा बंद, म्हणून चिखल, वाळू, पाणी आत जात नाही. साखळी एकाच रेषेत सरळ धावते, म्हणून ती झिजते कमी. आणि लोलकवाल्या सायकलला पाय मारत असतानाच गिअर बदलावा लागतो, हिला उभ्या जागी बदलता येतो. चढावर मध्येच थांबलात, मूठ फिरवली, हलका गिअर आला, निघालात. वाईट गुणही त्यांनी लपवले नाहीत. चाक जड, मागून ओढल्यासारखं वाटतं. जोर लावून पाय मारत असताना गिअर बदलायला गेलं तर बदलत नाही, क्षणभर पाय सैल सोडावा लागतो. आणि मागचं चाक पंक्चर झालं तर वाटेत तार सोडवा, नट काढा, ही कटकट. मी मनात म्हटलं, चालेल. माझंही असंच आहे, वजन जास्त पण तक्रार नाही, आणि जे काय असेल ते आत.

पैसे मी यात्रेसाठी बाजूला ठेवलेल्यातून काढले. देवाला सांगितलं, तुझ्या दारी पुढच्या वर्षी येते, आधी यांची वाट सुखाची होऊ दे. बाबांना विचारलं तर एका शब्दात हो म्हणाले. बघ, साबणाची वडी दोन ठिकाणी विचारून घेणारा माणूस, एवढ्या मोठ्या रकमेला हो म्हणाला, घासाघीस नाही, फाटे नाहीत. मला वाटलं, हौस. म्हातारपणी का होईना पण यांनी एक गोष्ट हौसेने घेतली, याचा मला इतका आनंद झाला की त्या हो-कडे मी दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.

चाक आलं तेव्हा आम्ही दोघांनी ते मागच्या अंगणात बसवलं. पानाकाका आले होते, पण पाना त्यांनी माझ्या हातात दिला. त्या दात्यांच्या चकत्या आसाच्या दोन्ही बाजूंना नीट खाचेत बसल्या पाहिजेत, नाहीतर आसच फिरतो. गिअर चौथ्यावर ठेवला की हबवरच्या दोन बारीक पिवळ्या रेघा समोरासमोर यायला हव्यात, एका केसाचा फरक असला तरी गिअर कुरकुरतात. तार थोडी आवळ, थोडी सोड, असं करत ते काम मी केलं, आणि मग कायमचं माझ्याकडेच आलं. दर आठवड्याला सायकल पुसायची, साखळीला तेल घालायचं, रेघा जुळवायच्या. मी जप करतानासुद्धा इतकी एकाग्र नसते असं बाबा पानाकाकांना सांगून हसायचे. मीही हसायचे.

नंतर एकही लोलक तुटला नाही, कारण लोलकच राहिला नव्हता. वर्षभर काही म्हणता काही मोडलं नाही. मी गल्लीत ज्याला त्याला त्या चाकाचं कौतुक सांगत सुटले. तुला प्रत्येक पत्रात लिहिलं, तुझा बाप तरुण झालाय, दगडधोंड्यांवरून सायकल अशी घालतो की बघत राहावं. म्हणून तर तू मागितलंस. तुझ्या पत्रात होतं की तूही लोकांना घेऊन डोंगरातल्या वाटांवर जातोस तेव्हा तुझे लोलक एकामागून एक खडकाला आपटून गेले, एकदा तर सगळी मंडळी तिथेच अडकून पडली, तेव्हा बाबांसारखं चाक तुलाही मागवून द्यावं. मी त्याच दिवशी पानाकाकांकडून मागणी नोंदवली. एवढं त्या चाकाचं वेड मला लागलं होतं.

आता पुढचं. चाकाची मागणी नोंदवली आणि चाक आलं, त्या मधल्या दिवसांत हे घडलं. सकाळी बाबांनी निघताना पाण्याची बादली पायाने लवंडली. ती बादली तुझ्या जन्माआधीपासून अंगणातल्या मोरीच्या त्याच कोपऱ्यात असते. वर माझ्यावरच डाफरले की वाटेत कशाला ठेवतेस. अंगणभर पाणी, मी खाली बसून पुसतेय आणि वर ऐकूनही घेतेय, मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, डोळे आहेत का बटणं. ते सायकल घेऊन निघून गेले. थोड्या वेळाने पाहते तर व्हॉल्व्हची लांब चावी खुंटीवर तशीच. ती नसेल तर त्यांचा सगळा दिवस फुकट. म्हणून मी चुलीवरचं उतरवलं, दाराला कुलूप घातलं आणि चावी घेऊन मधल्या पायऱ्यांनी सरळ वर चढले. ते वळसा घालून येतात, मी आधी पोचणार हे ठाऊक होतं. राग तर होताच, पण तोवर थोडं हसूही येत होतं. म्हटलं, वाटेत उभी राहीन, चावी पुढे करीन आणि विचारीन, आता ही कुणी वाटेत ठेवली.

मी वाटेच्या कडेला, नळाला टेकून उभी राहिले. स्वच्छ ऊन होतं. मागे झाड नाही, आडोसा नाही. ते खालच्या वळणावरून वर येताना दिसले. पहिल्यांदा मला काय खटकलं सांगू का? ते दगड चुकवत नव्हते. एवढी वर्षं डोंगरात सायकल चालवलेला माणूस, अंगठ्याएवढा खडा बघून हॅन्डल वळवणारा, तो सरळ दगडावर चाक घालत होता. चाक चढायचं, धपकन उतरायचं, पुन्हा पुढचा दगड. वाट खराब व्हायला लागली तसे ते जागीच थांबले, मूठ फिरवून गिअर हलका केला, आणि मग अगदी हळू, चाचपडत म्हणतात तसे, निघाले. समोर मात्र टक लावून पाहत होते, टाकीच्या दिशेला, मान ताठ. ते माझ्या अगदी जवळ आले. मी चावी पुढे केली. ते माझ्या कोपराला आपली बाही घासून पुढे निघून गेले.

मला वाटलं, अबोला. बटणांचा राग. मी म्हटलं, एवढा राग की बायको वाटेत उभी असून थांबायचं नाही? तोंडापर्यंत शब्द आले होते. पण पुढे टाकीचं फाटक आहे ना, तिथे ते उतरले, सायकल नळाला टेकवली आणि कडी शोधायला हात पुढे केला. कडी खालच्या बाजूला आहे. हात लाकडावरून वर, मग डावीकडे, मग खाली असा फिरला. ज्या फाटकाची कडी ते इतकी वर्षं रोज काढतात, ती ते हाताने शोधत होते. भर उन्हात. माझ्या हातातली चावी खाली दगडावर पडली, तिचा आवाज झाला, आणि ते दचकून आवाजाच्या दिशेने वळले. त्यांनी सगळी मान वळवली, अगदी खांद्यासकट, तेव्हा कुठे त्यांना मी दिसले. विचारलं, तू कधी आलीस. मी म्हटलं, "मी इथेच होते. तुम्ही माझ्या अंगाला घासून गेलात."

भिंगऱ्या, मी तुझ्या बाबांचा चेहरा राग, दुखणं, तुझ्या आजोबांचं जाणं, सगळ्यात पाहिला आहे. तसा मी कधी पाहिला नव्हता. ते नळावर बसले. नळातून पाणी जातं त्याचा आवाज येत होता. मग ते सांगायला लागले, आणि मी उभीच. दोन वर्षं होऊन गेली म्हणाले. समोरचं स्पष्ट दिसतं, पेपर वाचता येतो, सुईत दोरा घालता येतो, पण कडेचं आणि पायाजवळचं नाहीसं होत चाललंय. काळोख दिसत नाही, दुखत नाही, नुसतं तिथे काही नसतंच. दोन्हीकडून पडदा कुणीतरी बोटबोट ओढत आणतंय आणि मधली फट उरलीये. खात्यात सांगितलं असतं तर लाइनवरून काढलं असतं. मला सांगितलं असतं तर मी खात्यात सांगायला लावलं असतं. वाट पाठ आहे, म्हणाले. हॅन्डलला बसणाऱ्या धक्क्यांवरून कळतं कुठे आहे ते. मी विचारलं, आणि ते लोलक? त्यावर ते जे बोलले ते मी तसंच्या तसं लिहिते. "लोलक होता तोवर मी आपटलेला प्रत्येक दगड घरी येऊन तुला सांगायचा. मला भीती वाटायची, आज ना उद्या तू विचारशील. हे चाक आलं आणि दगडांनी बोलायचं सोडलं. मलाही वाटायला लागलं, आपलं चाललंय की."

मी तिथे काय केलं असेल सांग. रडले नाही. ओरडलेही नाही. मी चावी उचलली, फाटकाची कडी काढली, व्हॉल्व्ह त्यांनी सांगितला तितका फिरवला, आणि आम्ही दोघं सायकल हातात धरून पायी खाली आलो. सबंध वाट मी त्यांच्या डाव्या बाजूने चालले आणि दर दगडाला दगड, दगड असं म्हणत राहिले. ते म्हणाले, अगं, कळतंय. मी म्हटलं, मला नाही कळत, मला म्हणू द्या. ज्या चाकाच्या पिवळ्या रेघा मी केसाएवढा फरक न ठेवता जुळवत होते, त्याच चाकावर बसून हा माणूस वर्षभर दरीच्या कडेने न बघता जात होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ती म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल. इथे आमच्याच घरी पखालीला एकोणीस हजारांचं औषध घातलं, आणि पखाल गळायची थांबली म्हणून मी देवापुढे हात जोडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला आपलं वाटत होतं, मोतीबिंदू असेल. शेजारपाजारचे किती जण करून आले, चार दिवस हिरवी पट्टी आणि मग नवं जग. मी तर बाबांना पायऱ्या चढताना सांगितलंसुद्धा की एवढ्यासाठी दोन वर्षं झाकून ठेवलंत. बाईंनी डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब पाहिला, मग आणखी एका यंत्राने. मग एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं टेकवायला लावलं. आत कुठेकुठे दिव्याचा ठिपका उमटतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. बटणाचा टक असा आवाज आला की मला बरं वाटायचं. सुरुवातीला दोनतीनदा आला. मग थांबला. मी म्हटलं, यंत्र बंद पडलं असेल. ते बंद पडलं नव्हतं, आतले ठिपके उमटतच होते. मग पुन्हा एखादा टक, आणि पुन्हा शांत. एवढी शांतता मी देवळातसुद्धा ऐकलेली नाही.

बाईंनी कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांचे दोन गोल, आणि त्यांचा खालचा भाग आणि कडा काळ्या, मधे तेवढी पांढरी जागा. मोतीबिंदू नाही म्हणाल्या, काचबिंदू. डोळ्यातला दाब हळूहळू आतली शीर मारत जातो, कुणाला पत्ता लागत नाही, कारण मधलं सगळ्यात शेवटी जातं. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी राखता येतं, रोज, जन्मभर, एक दिवस न चुकता. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर. बाईंनी कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, हे काळं आहे ना, यातलं बरंच पांढरं राहिलं असतं. बाबांनी तो कागद हातात घेतला आणि अगदी जवळून पाहिला. त्यांना तो सगळा दिसत होता, मधे धरला होता म्हणून.

खात्यात बाबांनी स्वतःच जाऊन सांगितलं, मला बरोबर येऊ दिलं नाही. त्यांना पंपघरात खुर्चीवरचं काम दिलंय. पंपाचा आवाज ऐकून कुठला बिघडलाय ते सांगतात, साहेब खूश आहेत, आणि बाबा घरी येऊन भिंतीकडे बघत बसतात. थेंब मी घालते, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्या वेळी ते डोकं मागे टेकून लहान मुलासारखे गप्प राहतात. माझं त्यांच्याशी भांडण अजून झालेलं नाही. ते व्हायचं आहे, पण आधी थेंब. देवाशी मात्र मी बोलले. रोज मागत होते की वाटेतले दगड बाजूला कर. त्याने काय करावं बिचाऱ्याने, दगड तर बोलून बोलून थकले होते. मागणाऱ्याने नीट मागायला नको का. आता मी नवीन काही मागत नाही. आहे ते राहू दे, एवढंच.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. त्या दिवशी आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा बाईंनी विचारलं, मुलं किती. माझ्या आधी बाबाच बोलले, कौतुकाने, त्या सगळ्यातसुद्धा कौतुकाने, की एकच मुलगा आहे, तिशी ओलांडलीये, अगदी ठणठणीत, डोंगरात सायकल चालवतो, लोकांना शिकवतो. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्याला दिसतंय म्हणून ठणठणीत म्हणता ना? तुम्हालाही दिसतच होतं." हा आजार रक्ताने पुढे जातो, होईलच असं नाही, पण बापाला आहे म्हटल्यावर मुलाला असायची भीती बरीच जास्त, आणि तरुणपणीही लागतो, असं त्यांनी सांगितलं. मी घरी आले, आणि चार दिवसांनी दारात तुझं खोकं. सही करताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, तुझे लोलक एकामागून एक गेले ते. डोंगरात खडक असतातच, तिथे कुणाचाही लोलक तुटतो, हे मलाही कळतं. तसंच असू दे. पण ते मला खडकाकडून ऐकायचं नाही, डॉक्टरकडून ऐकायचंय. तुझ्यामागून माणसं येतात, तुझं चाक जिथून जाईल तिथून जातात, तेव्हा तपासून घेईपर्यंत एकालाही घेऊन वर जाऊ नकोस, एकटाही जाऊ नकोस. मोठ्या दवाखान्यात जा, नुसता तक्ता वाचून घरी येऊ नकोस. डोळ्याचा दाब आणि त्या वाडग्यातली तपासणी, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, करून घे, आणि बापाला काचबिंदू आहे हे आत शिरल्याबरोबर सांग. दुखत नाही, खुपत नाही, वाचता येतं, ही कारणं मला कळवू नकोस, ती सगळी माझी ऐकून झाली आहेत. तपासणीचे पैसे या पाकिटात ठेवले आहेत. नजर चांगली निघाली तर मी स्वतः पार्सलच्या ऑफिसात जाऊन चाक पाठवीन आणि तुझ्या शिव्या आनंदाने खाईन. बाबांना मी हे पत्र लिहितेय ते माहीत आहे. ते मघापासून दारात उभे आहेत. काय निघेल ते, चांगलं असो वाईट असो, कमी न करता, तसंच्या तसं, उलट टपाली कळव.

तुझीच,
आई